दुधी धरतो, पिवळा पडतो, गळतो : गच्चीबागवाल्यांनो, जरा इकडे या

सुदामानगरची_गच्ची

मंडळी नमस्कार. गच्चीवर ड्रममध्ये लावलेला दुधीचा वेल पार शेजाऱ्यांच्या टाकीपर्यंत गेलाय. पानं ही मोठी मोठी, फुलंही रोज. बोटभर दुधी दिसतो, मी खूश होते, आणि दोन-चार दिवसांत तो टोकाकडून पिवळा पडतो. हात लावला की देठासकट हातात. बाजूच्याच ड्रममधली गिलकी मात्र लदबदून लागलीये, सगळ्या गल्लीला वाटून झाली. माती तीच, शेणखत तेच, नर्मदेचं पाणीही तेच. नर्सरीवाला म्हणतो, "मॅडम, टॉनिक मार दो." सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, वेलाला जुनी चप्पल बांध. चप्पल बांधून झाली आहे. टॉनिकवर पैसे घालण्याआधी म्हटलं इथे विचारावं.

भिया_इंदूरी

चप्पल डाव्या पायाची होती ना? उजवीने गिलकी लागते.

छत्रीबागवाले

बोरॉनची कमतरता. दुसरं काही नाही. थोडं पाण्यात मिसळून फवारा. आणि शेणखत कमी करा, नुसता पाला वाढतोय.

निवृत्त_बाई

शेणखताबद्दल छत्रीबागवाल्यांचं बरोबर आहे. नत्र जास्त झालं की वेल पानं आणि नर फुलं काढत बसतो. पण बोरॉन इतक्यात नको, टॉनिक तर नकोच.

आधी एक सांगा, वेलाकडे तुम्ही कधी बघता? सकाळी चहाचा कप घेऊन जात असाल तर दुधीची फुलं मलूलच दिसत असणार. दुधीचं पांढरं फूल दिवस कलताना उमलायला लागतं, रात्रभर उघडं असतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मान टाकतं. गिलकीचं पिवळं फूल उमलतं भल्या पहाटे. त्यामुळे गिलकीकडे सकाळभर मधमाश्यांची वर्दळ असते आणि दुधीकडे त्या फारशा फिरकतच नाहीत. दुधीचं काम मुख्यतः रात्रीच्या पतंगांवर चालतं. लांब सोंडेचे, जाड अंगाचे, फुलासमोर हवेत एका जागी भिरभिरत मध पिणारे पतंग असतात ना, ते. पांढरा रंग अंधारात दिसावा म्हणूनच. माती-पाणी तेच असूनही तुमची गिलकी लागते आणि दुधी लागत नाही, त्याचं कारण या दोन वेळांत आहे.

आता फूल नीट बघा. वेलावर दोन तऱ्हेची फुलं असतात. लांब, सडपातळ देठावर नुसतंच फूल असेल तर ते नर. आखूड देठावर, पाकळ्यांच्या खाली बारीक लव असलेला इवलासा दुधी असेल तर ते मादी. तो इवलासा दुधी म्हणजे फळ नव्हे, तो फुलाचा अंडाशय. त्यात बीजांडं असतात. वरच्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मधल्या चिकट गोळ्यावर, परागकण पडले, त्यांच्या नलिका खाली बीजांडांपर्यंत पोचल्या, फलन झालं, की तिथून फळ वाढवण्याचा निरोप सुटतो. नाही झालं तर वेल त्याला पोसत नाही. म्हणजे तुमचा दुधी धरून गळत नाहीये, तो मुळात धरतच नाहीये.

उपाय फुकट आहे. संध्याकाळी साडेसहा-सातला वर जा. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडा, त्याच्या पाकळ्या मागे दुमडा, मधला पिवळा दांडा बोटाला लावून बघा. बोट पिवळं झालं पाहिजे. मग तो दांडा मादी फुलाच्या मधल्या जाडसर, चिकट गोळ्यावर सगळीकडून हलकेच फिरवा. सगळीकडून म्हणजे सगळीकडून, एकाच बाजूला लावला तर तेवढ्याच बाजूची बीजांडं फळतात आणि दुधी वाकडा, एकीकडे बारीक होतो. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं सहज होतात.

सुदामानगरची_गच्ची

बाई, आत्ताच टॉर्च घेऊन जाऊन आले. सगळी फुलं टक्क उघडी! आणि सगळी नर. मादी एकही नाही. ही काय थट्टा?

निवृत्त_बाई

थट्टा नाही, हाच तर गच्चीवरचा खरा त्रास. एकच वेल असला की नर आणि मादी एकाच संध्याकाळी उमलतीलच असं नाही. सुरुवातीला तर बराच काळ नुसती नरच येतात. दुधीत मादी फुलं मुख्य वेलावर कमी आणि बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात, म्हणून शेंडा खुडतात. तुमच्या यूट्यूबवाल्यांचं ते "थ्री जी कटिंग" म्हणजे हेच, शेंडे खुडून फांदीला फांदी फुटू देणं. शक्य असेल तर दुसरा वेलही लावा. आणि मादी कळ्यांवर दुपारी नजर ठेवा, आज संध्याकाळी उमलणारी कळी पांढरी होऊन फुगलेली दिसते.

छत्रीबागवाले

बाईंचा मान राखून विचारतो, आमच्या आजोळी देवासजवळ कुंपणावर दुधी असायचे. कोणी नर फूल तोडून फिरवत बसलं नाही. तरी ढिगाने दुधी.

निवृत्त_बाई

फिरवायची गरजच नव्हती भाऊ. तिथे कुंपणाला दहा वेल होते, सभोवार रान होतं आणि पतंग होते. पतंग आभाळातून पडत नाही, आधी त्याची अळी कुठेतरी वाढावी लागते. कण्हेरीवर किंवा तगरीवर एक जाडजूड हिरवी अळी येते, डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके, शेपटाशी छोटं शिंग. दिसली की आपण किंचाळून चिमट्याने उचलतो नाहीतर फवारा मारतो. तिचाच पुढे हिरवा-गुलाबी नक्षीचा पतंग होतो, संध्याकाळी फुलांवर भिरभिरणारा. कॉलनीत आपण अळ्या ठेवत नाही आणि गच्चीवर रात्रभर पांढरा झगझगीत दिवा. पतंग आला तरी दिव्याभोवतीच घिरट्या घालतो.

भिया_इंदूरी

म्हणजे दिवा बंद करायचा. बिजलीचं बिलही वाचलं. बाई, तुम्ही फीस कुठे घेता?

राजेंद्रनगर_अनु

एक जोडते. पिवळा पडलेला दुधी फेकण्याआधी कापून बघा. परागीभवन न झालेला असेल तर आतून साधा, सुकत गेलेला. पण सालीवर टोचल्यासारखा ठिपका, त्यावर डिंकाचा थेंब आणि आत पांढऱ्या अळ्या असतील तर ती फळमाशी. तिथे कितीही नर फुलं फिरवा, उपयोग नाही. त्यासाठी कामगंध सापळा (वासाने नर माशीला ओढून पकडणारा) लावायचा आणि किडकी फळं मातीत न टाकता प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायची. माझ्याकडे दोन्ही प्रकार एकाच वेलावर होते.

बडोदेकर_मंदार

बडोद्याहून हजेरी. माझ्या टोमॅटोचं सांगा. फुलं येतात, झडतात. यात तर नर-मादी एकाच फुलात ना?

महूचं_मोहोळ

टोमॅटोवर मी बोलतो, माझ्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. टोमॅटोच्या फुलात पुंकेसरांची, म्हणजे पराग देणाऱ्या नर भागांची, नळी झालेली असते आणि पराग आत बंद. नळी हलली तरच बाहेर पडतो. हे काम मधमाशीला जमत नाही. काळा मोठा भुंगा किंवा पोटावर निळे पट्टे असलेली माशी फुलाला मिठी मारते आणि पंख न हलवता नुसते स्नायू थरथरवते. कान देऊन ऐकलंत तर गुणगुण एकदम चिरकी होते, त्या क्षणी पराग भुसकन खाली. वांगं, मिरची त्याच घराण्यातली. वांग्याच्या पुंकेसरांना तर टोकाला छिद्रंच असतात.

गच्चीवर भुंगा येत नसेल तर सकाळी दहा-अकराला फुलांच्या दांडीवर टिचकी मारा. विजेवर चालणारा जुना टूथब्रश देठाला टेकवला तर अजून छान. पण दिवसा ३५ अंशांच्या वर पारा असेल तर परागच नीट होत नाही. तेव्हा टिचकी मारूनही काही नाही, हवा उतरायची वाट बघायची.

जाता जाता, कोणतीही फवारणी, अगदी कडुनिंबाचं तेलसुद्धा, सकाळी फुलं उघडी असताना करू नका. सूर्य मावळल्यावर करा.

राजेंद्रनगर_अनु

सूर्य मावळल्यावर तर दुधी उघडतो, पतंग येतात!

महूचं_मोहोळ

:-) बरोबर पकडलंत. दुधीच्या वेलाला पानांच्या खालूनच मारा, फुलं सोडून. किंवा मारूच नका.

सोया_मालवा

धागा वाचून गंमत वाटली. आमच्या मालव्याची मुख्य पिकं कोणती? सोयाबीन, गहू, हरभरा. तिन्ही स्वपरागीत, म्हणजे स्वतःच्याच परागावर फळणारी. सोयाबीनचं जांभळं किंवा पांढरं फूल इतकं चिमुकलं की पानाच्या बगलेत शोधावं लागतं, आणि बहुतेकदा ते नीट उमलायच्या आधीच आतल्या आत परागीभवन उरकलेलं असतं. आपल्या इंदूरलाच १९८७ पासून सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे नवा वाण काढायचा तर शास्त्रज्ञांना ती मिटलेली कळी चिमट्याने उघडून, पुंकेसर काढून, दुसऱ्याचा पराग लावावा लागतो. कळी केवढी, तर तांदळाच्या दाण्याच्या आसपास.

म्हणून आमच्याकडे शेतकऱ्याला मधमाश्या कमी झाल्याचं जाणवतच नाही. क्विंटलमध्ये फरक पडत नाही ना. फरक पडतो तो परसातल्या भोपळ्याला, धण्याला, मोहरीला, कांद्याच्या बियाण्याला.

निमाडकर

सोयाभाऊ, कापसात हेच काम रोजचं होतं. खरगोनला आमचा कापूस, पण बियाण्याचा प्लॉट मी मामांकडे गुजरातेत पाहिला. दुपारनंतर बाया ओळीत शिरायच्या. उद्या उमलणारी कळी ओळखायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एका झटक्यात सोलून काढायची, आतली कुक्षी मात्र शाबूत राहिली पाहिजे. नख खोल गेलं की बोंड गेलं. मग त्यावर लाल कागदाची पिशवी, सकाळी लांबून दिसावी म्हणून. दुसऱ्या दिवशी दव सुकलं की नर ओळीतली फुलं तोडून आणायची आणि कुक्षीवर फिरवायची, वर दोरा बांधायचा. एकरात अशी हजारो फुलं, प्रत्येक हाताने. पिशवीवर बियाण्याची जी किंमत छापलेली असते ना, ती या बायांच्या नखांची असते. त्यांना त्यातलं किती मिळतं हा वेगळा धागा होईल.

जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, याच पद्धतीने १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी दिला. बडोदेकर, कॉलर ताठ करा.

अजून एक, कापसाचं फूल आज दुधाळ पिवळट असतं आणि उद्या गुलाबी होतं. गुलाबी दिसलं की त्याची वेळ गेली.

बडोदेकर_मंदार

केली ताठ. टिचकीचा प्रयोग सुरू करतो.

भिया_इंदूरी

आता माझा शंभर नंबरी प्रश्न. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) किस खाताना विचार आला, भुट्ट्यावर मधेमधे दाणे गायब का असतात? आणि ते केस कशाला?

निवृत्त_बाई

भिया, पहिल्यांदाच कामाचं विचारलंत. मक्याचा वरचा तुरा म्हणजे नर फुलं, कणीस म्हणजे मादी फुलांची ओळ. कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो. जितके दाणे व्हायचे तितके केस. तुऱ्यातून वाऱ्याने उडालेला कण त्या केसावर बसला की त्यातून नलिका फुटते आणि केसाच्या आतून वीतभर खाली जाऊन बीजांडाला भेटते. साधारण एक दिवस लागतो. ज्या केसाला कण मिळाला नाही तिथला दाणा गायब. टोकाचे केस सगळ्यात उशिरा बाहेर येतात, तोवर तुऱ्यातला पराग संपत आलेला असतो, म्हणून कणसाचं टोक बोडकं. गच्चीवर मका लावायचा तर एका ओळीत नको, चौकोनात दाट लावा. एका ओळीतला पराग वारा भलतीकडेच घेऊन जातो.

बारावीची_आई

बाई, तुम्ही इथे आहात म्हणून विचारते. लेक कोचिंगला जाते. "दुहेरी फलन" पाठ करून करून रडकुंडीला आली आहे. मलाही समजावता येत नाही. सोप्यात सांगाल?

निवृत्त_बाई

तिला उद्या सकाळी पोहे-जिलेबी खायला घाला आणि बशी समोर ठेवून सांगा.

परागनलिकेतून एक नाही, दोन नर पेशी खाली उतरतात. पहिली अंडपेशीशी मिळते, त्यातून गर्भ होतो, म्हणजे उद्याचं रोप. दुसरी वाया जात नाही. ती बीजांडाच्या मधोमध असलेल्या दोन केंद्रकांशी मिळते आणि त्यातून भ्रूणपोष तयार होतो, गर्भाची शिदोरी. गर्भात गुणसूत्रांचे दोन संच, शिदोरीत तीन. हे दुसरं मीलन रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिलीच्या फुलात पाहिलं. इतकं उशिरा, कारण घडतं ते खोल आत आणि भराभर.

आता बशी. पोहे म्हणजे तांदूळ, तांदूळ म्हणजे जवळपास सगळा भ्रूणपोष, गर्भ तर गिरणीत कोंड्याबरोबर निघून गेला. जिलेबीचा मैदा म्हणजे गव्हाचा भ्रूणपोष. दोन्ही त्या दुसऱ्या मीलनातून आलेले. पण पोह्यांवरची शेव? ती बेसनाची. हरभऱ्यात बी पिकेपर्यंत गर्भाने आपली शिदोरी संपवून टाकलेली असते आणि सगळं अन्न दोन जाड बीजपत्रांत भरलेलं असतं. डाळीची दोन दळं तीच. बीजपत्रं गर्भाचाच भाग, म्हणून शेव पहिल्या मीलनातली.

शहाळं आणलंत तर अजून बरं. पाणी म्हणजे असा भ्रूणपोष ज्यात केंद्रकं नुसती तरंगतायत, पेशींच्या भिंती झालेल्या नाहीत. मलई म्हणजे भिंती घातलेला भ्रूणपोष. परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो.

बारावीची_आई

बाई!! तिने स्क्रीनशॉट काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. आता म्हणते पोह्यांवरचे डाळिंबाचे दाणे कशात बसतात?

निवृत्त_बाई

त्यात लाल रसाळ भाग बीजावरणाचा, तो आईच्या झाडाचा. दोन्ही मीलनांशी संबंध नाही. हुशार आहे पोरगी.

लालबाग_सायकल

दुधीच्या पांढऱ्या फुलांवरून मांडू आठवलं. तिथल्या गोरखचिंचा, ती फुगलेल्या बुंध्याची झाडं, इमली म्हणून जिची फळं विकतात. तिचंही फूल पांढरं, ओंजळीत मावेल एवढं, लांब देठावर उलटं लटकलेलं. तेही संध्याकाळी उमलतं, सकाळी तपकिरी होऊन खाली सडा. पण गिऱ्हाईक पतंग नाही, वटवाघळं. वजनदार पाहुणा लोंबकळला तरी टिकावं असं जाड, चामड्यासारखं फूल. वास मात्र घरात आणवणार नाही.

भिया_इंदूरी

आणि आंब्याला कोण येतं? घुबड?

महूचं_मोहोळ

हसाल, पण आंब्याच्या मोहोरावर मधमाश्यांपेक्षा माश्यांचं काम जास्त. साध्या, घरात फिरतात तशा माश्या.

भिया_इंदूरी

गेलं मग. २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिला नंबर, माशी दिसली तर लोक महापालिकेला फोटो पाठवतात. आंबे आता भोपाळहून आणायचे.

वैशालीनगर_०९

माझी करटोली. वेल तीन वर्षं जुना, कंद जाडजूड, फुलं येतात, फळ शून्य.

राजेंद्रनगर_अनु

फुलाखाली काटेरी गोळी दिसते का? नसेल तर तुमचा वेल नर आहे. करटोलीत नर-मादी वेलच वेगळे. मादी वेलाचा कंद मागून आणा. नर उपटू नका, पुढे तोच लागेल.

सुदामानगरची_गच्ची

खबर द्यायला आले. शेंडे खुडले, दिवा बंद केला, आणि मादी कळी दुपारीच ओळखून संध्याकाळी गाठली. नर फूल फिरवलं तर कुक्षी अगदी हळद लावल्यासारखी. आता तो दुधी खाली कललाय, देठ जाड झालाय, रंग हिरवागार, लव अजून आहे. त्याच्या शेजारची कळी मी मुद्दाम तशीच सोडली होती, ती पिवळी पडून गळाली. सासूबाईंनी दोन्ही पाहिल्या. चप्पल अजून काढू देत नाहीत.

आता एकच. याचं बी धरायचं आहे. खाली शेजाऱ्यांचा लाल भोपळा, माझी गिलकी आणि पलीकडच्या गच्चीवर गोल दुधी. भेसळ होईल का?

निवृत्त_बाई

लाल भोपळा आणि गिलकीची काळजी नको, त्या वेगळ्या जाती, त्यांचा पराग दुधीवर चालत नाही. गोल दुधीशी मात्र संकर होईल. या वर्षीचं फळ लांबच येईल, कारण फळ आईच्या पेशींचं. पण आतल्या बियांतून पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येणार नाही. (मक्यात तसं नाही, तिथे शेजारच्या जांभळ्या मक्याचा पराग पडला तर त्याच कणसात जांभळे दाणे दिसतात. का, ते बारावीच्या मुलीला विचारा.)

शुद्ध बी हवं असेल तर दुपारी, उमलायच्या आधी, एक मादी आणि एक नर कळी टोकाशी दोऱ्याने बांधून टाका. संध्याकाळी दोन्ही उघडून परागीभवन करा, मादी फूल लगेच पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत सुतळी, म्हणजे कुणी भाजीला तोडणार नाही. ते फळ वेलावरच वाळू द्या. साल लाकडासारखी कडक झाली आणि हलवल्यावर बी खुळखुळलं की काढा.

सुदामानगरची_गच्ची

आजच लाल सुतळी बांधते. बी भरपूर निघेल, ज्यांना हवं त्यांनी नावं टाका.

बडोदेकर_मंदार

माझं लिहा. टपालाने येईल ना?

राजेंद्रनगर_अनु

मलाही. बदल्यात करटोलीचे कंद, नर-मादी दोन्ही.

सुदामानगरची_गच्ची

येईल की. पण फळ वाळायला वेळ लागेल, घाई करू नका. पत्ते इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.